कोकराला झोका, लेकराला न्हाई

आमच्यात कोकरू जन्मलं आन् श्वास घेईना, तर त्याचे मागचे पाय धरून झोका देत्यात. दोन-तीन झोक्यात नाकातला चिकटा गळतो, कोकरू शिंकतं. जल्मभर म्या हेच केलं. सून नवी आली तवा तिलाबी म्याच शिकवलं.

सून बारावी शिकल्याली. लेक मेंढरं घिऊन रानोमाळ हिंडतो, चार-चार महिने घर दिसत न्हाई त्याला. तिनं त्याला फोनवर इचारलं, मला इचारलं, आन् बीडला अँब्युलन्सवरचं शिक्षण धरलं. दवाखाना यायच्या आधी गाडीतच माणूस कसा वाचवायचा, ते शिकवत्यात तिथं. नात तवा पाच महिन्यांची, वरचं दूध तोंडाला लावंना. मग शेळ्या जावंच्या गळ्यात घातल्या आन् नातीला घिऊन मीबी वडवणीहून रोज तिच्यासंगं बशीनं जायला लागले. तिथं फाटकाजवळ लिंबाखाली बसायचं. मधल्या सुट्टीत सून पळत यायची. एका हातात भाकरी, मांडीवर लेकरू, म्होरं वही. घरी आलं की चूल हायच. पोरगी वाळून काटकी झाली, पण कुरकुरली न्हाई.

एक दिवस मातर ती सुट्टीच्या आधीच भाईर आली. डोळे लाल.

"आत्या, चला घरी. उद्यापासनं यायचं न्हाई."

"कावून? काय झालं?"

हळूहळू सांगितलं तिनं. सरांनी रबराचं बाळ म्होरं ठिवलं. म्हणले, आत्ताच जन्मलंय, श्वास न्हाई, काय करशील? हिच्या हातानं इचार केलाच न्हाई. बाळाचे दोनी पाय धरले आन् दिला झोका. सगळा वर्ग हासला. मागून एकजण मेंढरावाणी ओरडला. सर म्हणले, "बाई, हे कोकरू न्हाई. मान मोडंल त्याची. आठ दिवसांनी परत बघतो. तवा जमलं न्हाई तर वर्गातनं नाव काढून टाकतो."

म्या नातीला तिच्या मांडीवर दिलं. म्हणलं, "झोका तुला कुणी शिकवला?"

"तुमी."

"मग चूक माझी. तू कावून घरी बसतीस?"

जुन्या घोंगडीचं बाळ शिवलं म्या. आत ज्वारी भरली, वजन लेकराएवढं व्हावं म्हणून. आन् आठ दिवस तिचा पिच्छा पुरवला. ती भाकरी थापती, धुणं वाळू घालती, कायबी करती, मी जाऊन ते बाळ एकदम तिच्या हातात द्यायची. "घे. श्वास न्हाई." पहिले तीन दिवस हात पायाकडंच जायचे. मी उलथन्यानं मनगटावर टोला द्यायची, हळूच.

"आत्या, लागतंय."

"लागू दे. तिथं माय रडत आसंल, तिला काय सांगशील?"

मग ती तोंडानं म्हणत म्हणत करायला लागली. आधी कोरडं पुसायचं, उबदार गुंडाळायचं. मान सरळ ठिवायची. तोंड साफ करायचं. पाठ चोळायची. तरीबी श्वास न्हाई आला तर तोंडावर मुखवटा धरून त्याला जोडल्याला हवेचा फुगा दाबायचा, हळू हळू. ऐकून ऐकून मलाबी पाठ झालं. एकदा ती पुसायचं ईसरली, तर म्याच टोकलं.

"आत्या, तुमीच द्या परीक्षा."

"सही येत न्हाई मला. न्हाईतर दिली आसती."

त्या दिवशी लई दिवसांनी हासली ती.

आठव्या दिवशी मी नातीला काखंत घिऊन खिडकीशी उभी राहिले. कुणी हाकललं न्हाई. सरांनी बाळ दिलं. तिचे हात बघत व्हते मी, तोंड न्हाई. फडकं घेतलं. पुसलं. गुंडाळलं. मान सरळ. तोंड साफ केलं. पाठ चोळली. फुगा धरला. पायाकडं हात एकदाबी गेला न्हाई. मागच्या बाकावरची पोरं माना लांबवून बघत व्हती. सरांनी वहीत कायतरी लिवलं आन् म्हणले, "आता माझ्या गाडीवर चालंल ही."

परतीच्या बशीत लई गर्दी. रोज आमी दारापाशी खालीच बसायचो. त्या दिवशी मी एका धडधाकट माणसाच्या खांद्यावर हात ठिवला. म्हणलं, "ऊठ बाबा. माझी सून अँब्युलन्सवर जाणार हाय. उद्या तुझ्याकडंबी ईल. बसू दे तिला."

सून लाजून म्हणली, "आत्या, गप बसा."

माणूस उठला. सून खिडकीशी बसली, लेकराला पदराखाली घेतलं. मी उभीच राहिले, वडवणीपर्यंत.