काउंटचं मानपत्र

बारावीत इतिहासाच्या असाइनमेंटला माझ्या वाट्याला मध्ययुगातला एक काउंट आला. काउंट म्हणजे राजाच्या हाताखालचा मोठा सरदार. याला नवव्या वर्षी गादी मिळाली. पुढे एका किल्ल्यासाठी लग्न केलं आणि किल्ला हाती आल्यावर बायकोला मठात धाडलं. लोकांनी धान्य त्याच्याच गिरणीत दळायचं. कुणाच्या घरात जातं सापडलं की शिपाई ते फोडून जायचे. म्हातारपणी नरकाची भीती वाटली तेव्हा त्याने चर्च बांधलं, तेही त्याच लोकांना वेठीला धरून. एवढ्या वर्षांच्या राज्यात याहून बरं काही मला सापडलं नाही.

तरी एका ख्रिस्ती साधूने त्याचं चरित्र लिहिलं होतं. प्रजेचा पिता, विधवांचा आधार, वगैरे. साधूचा मठ काउंटच्याच जमिनीवर होता. माझ्या निबंधात मी काउंटपेक्षा साधूलाच जास्त झोडपलं.

त्याच आठवड्यात बाबांच्या साहेबांचा सत्कार ठरला. साहेब इथल्या, कतारमधल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्षही होते. पहिल्या रांगेत कोण बसणार हेसुद्धा तेच ठरवायचे. दिवाळीचा फराळ सगळ्यांनी त्यांच्या बायकोकडूनच घ्यायचा. दोह्याजवळ अल वक्रात आम्ही राहतो, तिथे आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा घरी चकल्या करून वाटल्या, तर पुढच्या कार्यक्रमात त्यांचं गाणंच गळलं.

"मानपत्र तू लिही," बाबा म्हणाले. "तुझं मराठी चांगलं आहे."

"बाबा, व्हॉट डू आय इव्हन से?"

"चांगलं काहीतरी."

"म्हणजे खोटं."

आई मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "बाबांच्या कॉन्ट्रॅक्टच्या रिन्यूअलवर सही त्यांची आहे. तुला खरंच लिहायचं असेल तर नाशिकला जाऊन लिही. सगळेच जाऊ."

मी साधूने लिहिलेलं चरित्र उघडलं आणि वाक्यामागून वाक्य मराठीत उतरवलं. 'प्रजेचा पिता' होतं तिथे 'दोह्यातल्या मराठी माणसांचा पिता' केलं. बाकी फारसं बदलावं लागलं नाही.

शाल, नारळ झाल्यावर मानपत्र वाचलं गेलं. साहेबांनी डोळे पुसले. "कुणी लिहिलं हे?"

बाबांनी मला पुढे केलं. मी फरशीकडे बघत उभी राहिले.

"वा, बेटा. एक शब्द जास्त नाही की कमी नाही."

टाळ्या पडल्या. चकल्यांच्या काकू शेवटच्या रांगेत होत्या. त्याही वाजवत होत्या.

पुढच्या आठवड्यात बाबा सही झालेला कागद घेऊन आले. "खलास, दोन वर्षांची काळजी मिटली," म्हणाले आणि लगेच आंघोळीला गेले. मी लॅपटॉप उघडला. निबंध दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. काउंटबद्दलची सगळी पानं मी तशीच ठेवली. साधूबद्दलचा परिच्छेद मात्र डिलीट केला.