येऊ दे खाली

बामच्या वासाने मला आजही एप्रिलमधले मैदान दिसू लागते. तापलेल्या काळ्या मातीचा कोरडा वास, जुन्या चामडी चेंडूवर चोळलेल्या खोबरेल तेलाचा जडसर वास, आणि या दोहोंच्या वर, नाकातून थेट डोळ्यांत चढणारा पिवळ्या बामचा झणका. खेळाडूच्या अंगाला बामचा वास येणारच, असे तुम्ही म्हणाल. मीही पहिल्यांदा तसेच समजले होते. पण आमचे कोच सर तो गुडघ्यांना लावत नसत. कपाळाला लावत.

सोलापूरच्या पूर्व भागात, मुलींच्या एका शाळेत मी मराठी शिकवत असे. माझ्या वर्गाची खिडकी मैदानावर उघडे. भोवतालच्या गल्ल्यांतून यंत्रमागांची खडखड दिवसभर वाहत असे. इतकी अखंड, की ती ऐकू येते हेही आम्ही विसरून गेलो होतो. त्या खडखडीवरून तरंगत येणारा एकच आवाज मला कविता शिकवतानाही ऐकू येई. चढा नव्हे, पण लांब पोचणारा.

"येऊ दे खाली. येऊ दे."

एखादी मुलगी उंच चेंडूखाली धावत येऊन, मान वर करून उडी घेण्याच्या बेतात असली की हा आवाज उठे. "तो काय तिथं राहायला गेलाय का? येतोय की खाली." मुलगी थबके. चेंडू तिच्या छातीवर, मांडीवर किंवा सरळ मातीत उतरे, आणि मग खेळ पुढे सरके. डोक्याने चेंडू मारायला सरांच्या संघात बंदी होती. फुटबॉल थोडाफार पाहिलेल्या कुणालाही हे विचित्र वाटेल. ज्यांना सरांचा पूर्वेतिहास ठाऊक होता, त्यांना तर हे एखाद्या गवयाने शिष्यांना तार सप्तकाची मनाई करावी तसे वाटे.

कारण सरांचे सारे आयुष्य त्यांच्या कपाळाने उभे केले होते. घर विणकरांचे, घरातली भाषा तेलुगू. वडील मागावर, भाऊ मागावर. हे मात्र उंचीच्या आणि पायांच्या बळावर त्या गल्लीतून बाहेर पडले. चिंध्यांच्या चेंडूपासून सुरुवात करून तरुणपणीच मुंबईच्या एका कंपनीच्या संघात पोचले. तिथली नोकरी खेळाचीच होती. ते स्टॉपर होते, म्हणजे गोलच्या तोंडाशी उभे राहून आलेला प्रत्येक उंच चेंडू परतवणारे. सकाळी दोरीला टांगलेल्या चेंडूवर कपाळ आपटायचे, आठवड्याच्या शेवटी सामन्यात आपटायचे. पावसाळ्यात चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड होई. "ओल्या चादरीचं गाठोडं गच्चीवरनं कुणी डोक्यावर टाकलं तर कसं वाटंल, तसं," ते एकदा म्हणाले, आणि हसले. "पण लोक टाळ्या लई वाजवायचे."

कंपनीने संघ बंद केला तेव्हा ते सोलापुरात परतले आणि आमच्या शाळेत कोच झाले. त्यांच्या कपाळाची कातडी भुवयांच्या वर चपटी आणि चकचकीत झाली होती, वर्षानुवर्षे पावले पडलेल्या उंबऱ्यासारखी. मुली त्यांना घाबरत नसत. घाबरत ते एकाच गोष्टीला.

मैदानावर कुणाचे डोके कुणावर आदळले, कुणी गोलच्या खांबावर धडकले, की सर धावत सुटत. एरवी रमतगमत चालणारा हा माणूस तेव्हा ओळखू येत नसे. त्या मुलीच्या दोन्ही कानशिलांवर तळवे ठेवून, अंगठे भुवयांवर टेकवून ते तिच्या डोळ्यांत पाहत आणि विचारत: "नाव?" मग, "वडलांचं नाव?" मग, "आज वार कुठला?" प्रश्न तेच, क्रम तोच. उत्तराला जराही उशीर झाला तर मुलगी मैदानाबाहेर, मग सामना कुठलाही असो. एका चलाख मुलीने पळण्याच्या फेऱ्या चुकवायला मंगळवारचा मुद्दाम रविवार केला. सरांनी तिला आठवडाभर घरी बसवले, आणि रोज संध्याकाळी तिच्या दारात जाऊन वार विचारला. पुन्हा कुणी ती गंमत केली नाही.

या बंदीमुळे आम्ही हरत असू, हे सांगितले पाहिजे. कॉर्नरवरून चेंडू हवेतून आला की समोरच्या मुली उड्या मारत आणि आमच्या मुली आज्ञाधारकपणे तो खाली येण्याची वाट पाहत. दुसऱ्या शाळेच्या कोचने एकदा सगळ्यांदेखत टोमणा मारला, "काय बे, पोरींच्या वेण्या विस्कटतील म्हणून घाबरालास का?" सर शांतपणे म्हणाले, "होय की. आयांना घालायला लई वेळ लागतो." आमच्या मुख्याध्यापिका मात्र हसत नसत. कपाटात एक करंडक असावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

शाळेसमोर चहाची टपरी होती. टपरीवाले काका म्हणजे सरांच्या कीर्तीचे भांडार. मुंबईतल्या एका अंतिम सामन्यात, भर पावसात, शेवटच्या क्षणी सरांनी डोक्याने मारलेला गोल काकांनी प्रत्यक्ष पाहिला होता, निदान त्यांचे म्हणणे तसे होते. दरवर्षी त्या गोलात थोडी भर पडे. आधी चेंडू नुसता जाळ्यात गेला होता. पुढे जाळे फाटले. मी बदली होऊन आले तोवर गोलचा आडवा दांडासुद्धा वाकला होता. सर कप हातात धरून ऐकत, आणि काका श्वास घ्यायला थांबले की विचारत, "मग? मग काय झालं?"

मला तो विनय वाटला, थोडा खट्याळ विनय. एके दिवशी टपरीवरून परतताना मी तसे म्हणाले. सर कडुनिंबाखाली थांबले.

"विनय नाही ओ बाई," ते म्हणाले. "मला खरंच माहीत नाही."

मग त्यांनी सांगितले. त्या सामन्याच्या सुरुवातीलाच समोरच्या खेळाडूचे डोके त्यांच्या डोक्यावर आदळले. ते पडले. कुणीतरी तोंडावर पाणी मारले, कुणीतरी ऊठ म्हटले, आणि ते उठले. त्यानंतरचे त्यांना आठवते ते थेट बसमधले: गळ्यात झेंडूचा ओला हार, जिभेवर लोखंडासारखी चव, आणि भोवती सगळे का नाचत आहेत हे कुणाला विचारावे, याची लाज. गोल आपण केला हे त्यांना दुसऱ्या दिवशी इतरांकडून कळले. ज्या गोलने त्यांना नाव दिले, तो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

"सगळ्यांनी पाठ थोपटली," ते म्हणाले. "नाव काय तुझं, एवढं कुणी विचारलं नाही बघा."

कडुनिंबाचा मोहर आमच्या दोघांच्या खांद्यांवर गळत होता. त्या कडसर गोड वासात बामचा वास मिसळला होता. त्या दिवसानंतर खिडकीतून "येऊ दे खाली" ऐकताना माझा हात फळ्यावर क्षणभर थांबत असे.

पुढच्या वर्षी अंबिका संघात आली. टॉवेल कारखान्यातल्या कामगाराची मुलगी, उंच, हरणाच्या पायांची. तिची उडी पाहणाऱ्याच्या छातीत हलके काहीतरी उचलले जाई. सर तिच्याकडे अभिमानाने पाहत आणि धास्तीनेही. तिच्या जोरावर आम्ही प्रथमच जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचलो.

त्या दुपारी ऊन पांढरे झाले होते. सामना बरोबरीत, वेळ संपत आलेली, आणि आम्हाला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला. "येऊ दे," सर म्हणाले. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. अंबिका उडाली. तो आवाज मला अजून ऐकू येतो; नारळ फुटण्याआधी दगडावर जसा एकदा बद्द वाजतो, तसा. मग जाळे हलले, आणि साऱ्या मैदानाला कंठ फुटला.

मुली अंबिकेवर तुटून पडल्या होत्या. त्यांच्यातून वाट काढत सर तिच्यापाशी पोचले, तिचे डोके दोन्ही हातांत धरले. "नाव?" ती हसत होती. तिने नाव सांगितले, वडिलांचे सांगितले, शनिवार म्हणाली. तिन्ही उत्तरे अचूक, झटकन. तरीही त्यांनी तिला बाहेर बसवले.

"सर, गोल झाला की," ती रडवेली होऊन म्हणाली.

"दिसला मला," सर म्हणाले. "तुला दिसला का?"

आम्ही जिंकलो. करंडकासोबतच्या छायाचित्रात सर नाहीत. परतीच्या जीपमध्ये मागे मुलींची गाणी चालली होती. सर पुढे माझ्याशेजारी, कपाळावर बाम चोळत बसले होते. बऱ्याच वेळाने ते माझ्याकडे झुकले आणि मुलींना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "बाई, आज वार कुठला?"

मी हसले. मग त्यांचा चेहरा पाहिला. ते माझी परीक्षा घेत नव्हते.

तिथून उतार सुरू झाला. आधी मुलींची नावे गेली. मग शाळेचा रस्ता. ज्या गल्लीत लहानाचे मोठे झाले तिच्या तोंडाशी ते उभे राहत आणि एखादा ओळखीचा माणूस त्यांना घरी नेऊन सोडी. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वयाने होते असे. त्यांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, मला विचारले, "वय कुठलं ओ बाई? साठीसुद्धा नाही की." वहिनी घरी बिड्या वळत. ज्या माणसाचा आवाज घरात कधी चढला नाही, त्याने एका सकाळी वळलेल्या बिड्यांचे भरले सूप गटारात उलथे केले. वहिनी त्या भिजलेल्या बिड्या वेचत असतानाच मी नेमकी तिथे पोचले. त्यांनी डोळे वर न करता म्हटले, "हे आमचे नव्हंत. हे दुसरं कोण तरी हाय."

शाळेने त्यांना सन्मानाने निरोप दिला. शाल, श्रीफळ, आणि पाहुण्यांचे भाषण. पाहुण्यांनी तो मुंबईचा गोल रंगवून सांगितला; टपरीवाल्या काकांनी त्यांना तयार केले असावे. सर मन लावून ऐकत होते. टाळ्या झाल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या आणि मला हळूच म्हणाले, "चांगला खेळाडू होता म्हणायचा. आता कुठं असतो तो?"

नवे कोच आले. आल्या आठवड्यात त्यांनी कडुनिंबाच्या फांदीला दोरीने चेंडू टांगला. मुली रांगेने उड्या मारू लागल्या. माझ्या खिडकीत आता यंत्रमागांच्या खडखडीवर तो बद्द, बद्द आवाज येऊ लागला. मी मुख्याध्यापिकांकडे गेले, नव्या कोचांनाही भेटले, मला ठाऊक होते ते सारे सांगितले. त्यांनी मला आदराने बसवून घेतले, चहा दिला, आणि चेंडू टांगलेलाच राहिला. कपाटात आणखी करंडक आले. अंबिका विद्यापीठाच्या संघात गेली, सरांच्याच जागी, स्टॉपर म्हणून. वर्तमानपत्रात तिचे छायाचित्र आले: ती हवेत, वेणी मागे ताणलेली, डोळे मिटलेले, आणि कपाळावर चेंडू.

ते कात्रण पर्समध्ये ठेवून मी सरांच्या घरी गेले. दाखवावे की नाही, हे वाटभर ठरत नव्हते. जिच्या डोक्याला त्यांनी इतके जपले, तिचे काय झाले हे त्यांना कळावे, असे एक मन म्हणे. कळूच नये, असे दुसरे. त्या विचारात मी त्यांच्या घराचा बुटका दरवाजा विसरले. चौकट कपाळावर सणकून बसली आणि डोळ्यांपुढे पांढरे झाले.

आत तंबाखूचा आणि बामचा वास होता. वहिनी सूप बाजूला ठेवून उठल्या, पाणी आणायला आत गेल्या. जाताना सांगून गेल्या की सर आता कुणालाच ओळखत नाहीत, मराठी तर गेलीच, तेलुगूसुद्धा थोडीच उरली आहे. सर खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. हात मांडीवर, तळवे वर. त्यात काही ठेवायचे राहून गेल्यासारखे.

मी भिंतीलगतच्या स्टुलावर, त्यांच्या समोर बसले. शाळेचे नाव घेतले. मैदान, कडुनिंब, टपरी. अंबिकेचे नावही घेतले. त्यांची नजर माझ्यावरून काचेवरून पाणी ओघळावे तशी ओघळत गेली. पुढे फार दिवस ते राहिले नाहीत. पण माझ्यापुरते ते त्याच क्षणी गेले, असे मला वाटले. कात्रण मी पर्समध्येच राहू दिले आणि निघण्यासाठी उठले.

उठताना माझा हात नकळत कपाळावरच्या टेंगळाकडे गेला. सरांनी ते पाहिले. त्यांची नजर थांबली. ते खाटेवरून उठले, कुणाचा आधार न घेता, आणि माझ्याजवळ आले. त्यांचे दोन्ही तळवे माझ्या कानशिलांवर टेकले, अंगठे भुवयांवर. माझ्या डोळ्यांत खोल पाहत, त्या लांब पोचणाऱ्या शांत आवाजात ते म्हणाले,

"नाव?"