डोंगर उडवायला तळेघरला

‘डोंगर पुन्हा पडला, तर तुमचा कारखाना बंद. ट्रिकची कामं मुंबईहून करून घेईन,’ मालकांनी बजावलं आणि मी पिशवी भरली. पुण्यातल्या आमच्या सिनेमा कंपनीचे मुकुट, गदा, राक्षसांची डोकी आणि पडद्यावरचे चमत्कार माझ्या कारखान्यात बनतात. नव्या चित्रात देव तळहातावर डोंगर घेऊन उडतो. आमच्या मातीच्या डोंगरानं तार तोडली आणि देवाचा पाय थोडक्यात वाचला. आता डोंगर कागदाचा, सांगाडा बांबूचा करायचा, आणि तो पडू द्यायचा नाही, असं ठरवूनच निघालो.

नाशिक रस्त्यानं मोटारलॉरीतून नारायणगाव, तिथून टांग्यानं जुन्नर. लॉरीवाला भाडं चढवून सांगतो, घासाघीस करावी. जुन्नरचा हातकागद मात्र अवश्य बघावा. चुरगळला तरी फाटत नाही. गठ्ठा पाठीला बांधून घोडेगावला आलो. तिथे मारवाडी शेटजींच्या पडवीत पथारी मिळाली. दिवस मावळायच्या आत जेवायचं, एवढीच अट. पुढे शिनोलीवरून तळेघरची वाट चढाची. तिथे आपले पायच खरे.

तळेघरात धोंडीबाबांचं बांबूचं बेट आहे. त्यांनी नाचणीची भाकर, कुळथाचं कालवण वाढलं आणि विचारलं, ‘पावणं, कशापायी आलात?’

‘बांबू हवेत, बाबा. डोंगर उडवायचाय.’

बाबांनी कोयता उचलून आत नेला. त्यांची म्हातारी दारात आडवी उभी राहिली. ‘आमच्या डोंगरानं तुमचं काय घोडं मारलंय? सुरुंग लावायला आलाय व्हय?’

मी जीभ चावली. कारखान्यात उडवणं म्हणजे तारेला टांगून तरंगवणं. इथे उडवणं म्हणजे सुरुंग! समजावून काही उपयोग होईना. शेवटी कुंपणाच्या कामट्या घेतल्या, जुन्नरी कागद पेजेनं चिकटवला आणि वीतभर डोंगर दोऱ्यानं आढ्याला टांगून फुंकर मारली. तो डुलला. म्हातारी खुदकन हसली.

‘आन् खरा डोंगर?’

‘त्याला कुणी हात लावणार नाही, आजी. शब्द देतो.’

‘मंग आमच्या डोंगरावानीच कर,’ बाबा म्हणाले. ‘डाव्या अंगाला खाच हाय, ती इसरू नको.’ आणि कोयता पुन्हा बाहेर आला.

पुण्यात तो डोंगर खाचेसकट उडाला. तार हललीसुद्धा नाही. मला रडूच आलं. कारखाना वाचला, आता शेजारची खोलीही मिळाली आहे.

परवा मालक म्हणाले, ‘काम झालं. मोडा तो डोंगर, बांबू पुढच्या चित्राला लावा.’

म्हटलं, ‘बांबू लागतील तेवढे पुन्हा चढून आणीन. पण त्या खाचेच्या डोंगराला हात लावायचा नाही. तळेघरात शब्द दिलाय.’