बरे झालेले हात

शकूमावशी रोज सकाळी मशेरीची डबी हातात घ्यायची आणि झाकण फिरवून बघायची. फिरलं तर चुलीकडे जायची. नाही फिरलं तर डबी मांडीत ठेवून हात पदराखाली घ्यायची, अंगणात ऊन येईपर्यंत.

किन्हवलीच्या पुढे एका वाडीत तिचं घर. तिचे यजमान राघोकाका पहाटेच पहिल्या एसटीने भातसानगरला, धरणावर कामाला जायचे. चाळिशीत मावशीला संधिवाताने धरलं, बोटं सुजून वाकडी झाली. गोळ्यांनी भागेना, तेव्हा शहरातल्या सरकारी दवाखान्यात नवं औषध सुरू झालं, दर दोन महिन्यांनी सलाईनमधून. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "तुमचं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलंय. त्याला हे औषध आवरतं. पण मग ते जंतूंशीही कमी लढतं. ताप असला, जखम असली, तर औषध देता येणार नाही."

तिसऱ्या सलाईननंतर झाकण रोज फिरू लागलं. मग मावशी घरात कशाला बसते? दोन पावसाळे तिच्या खाचरातली आवणी, भाताच्या रोपांची लावणी, शेजारच्या निर्मलानेच उरकली होती. माघात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, तो राब. त्यासाठी झाडांचे टहाळ तोडायला निर्मला निघाली, तशी मावशीही कोयता घेऊन निघाली. कोयता निसटला तो घोट्यावर बसला. तिने हळद भरली, चिंधी बांधली आणि कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या सलाईनला मी, तिची शहरात राहणारी भाची, सोबत होते.

"ताप? जखम?" सिस्टरने विचारलं.

"नाय."

"चप्पल काढून वर झोपा."

चिंधी पिवळी पडली होती. डॉक्टरांनी ती सोडली, जखम धुतली, गोळ्या लिहून दिल्या. जखम भरल्याशिवाय सलाईन नाही, म्हणाले.

"पाय कोन बघतो? हात बघा माझे!" मावशी ओरडलीच. "हात बरे झाले म्हनून कोयता धरला. कोयता धरला म्हनून औषध बंद. मंग बरे कशाला केलेत?"

डॉक्टरांनी कागदावर पुढची तारीख लिहिली. "तीन आठवड्यांनी या."

एसटीत मी चिडले. "मला तरी सांगायचंस."

"तुला सांगून काय? तू तोडनार होतीस टहाळ? पेनाबिगर काय धरलंयस का कधी?"

तीन आठवड्यांनी जखम अर्धीच भरलेली. आणखी पंधरा दिवस. आम्ही परतलो तोवर निर्मलाने स्वतःचा राब भाजून मावशीचाही भाजला होता. कुंपणापलीकडून ती हसत म्हणाली, "शकू, आवनीला येशील ना गो? का औंदापन डबीशीच भांडशील?"

एरवी मावशीने चार शब्द सुनावले असते. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने झाकण फिरवलं. पुन्हा फिरवलं. लुगड्यात धरून फिरवलं. मग डबी माझ्याकडे ढकलली. मी उघडून दिली. तिची मशेरी लावून होईपर्यंत थांबले आणि झाकण लावायला घेतलं. मला नऊची एसटी पकडायची होती.

"सैल लाव गो," ती म्हणाली. "उद्या तू नसशील."