मावशीने वाचून दाखवलेली स्पर्धा

माझ्या मावशीला बुद्धिबळाचा मनापासून राग होता. लग्न झाल्यापासून ती त्याला सवत म्हणत आली, आणि ते गमतीत नव्हे.

काकांचं सलून होतं. आरशासमोर दोन खुर्च्या, भिंतीला टेकून एक लांब बाक आणि बाकासमोरच्या स्टुलावर कायम मांडलेला पट. थांबलेली गिऱ्हाइकं खेळत बसायची आणि नंबर आला तरी उठायची नाहीत. कैची हातात धरून काकाच डावावर वाकून उभे. मावशी डबा घेऊन जायची तेव्हा दारातूनच म्हणायची, "इथे माणसं केस कापायला येतात की वाढवायला?"

मावशीचं स्वतःचं काम शिवणाचं. पँट आखूड करायची, चेन बदलायची, कोटाला नवं अस्तर लावायचं. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन. मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे त्या घरातलं बरंवाईट सगळं माझ्या कानावर पडत आलंय.

काकांना काचबिंदू झाला. नजर कडेकडेनं आत आत मिटत गेली. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. हाताला सवय होती, त्यावर बरेच दिवस निभावून नेलं. मग एकदा जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला कैची लागली. तो बिचारा हसून म्हणाला, "अहो, दुसरा आहे की अजून!" पण काकांनी त्याच संध्याकाळी शटर ओढलं ते ओढलंच. दोन्ही खुर्च्या विकल्या. बुद्धिबळाची पेटी घरी आणून कपाटावर टाकली आणि पलंगाच्या कडेला बसून राहू लागले. पुढे उरलीसुरली नजरही गेली. जेवायला हाक मारली की यायचे, विचारलं तर "हो" नाहीतर "नको". आधी बोलून बोलून डोकं उठवणारा माणूस.

"भांडत पण नाहीत गं," मावशी मला म्हणाली, "काल मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही. मुकाट्यानं खाल्ली."

त्यांची मुलगी परगावी नर्स आहे. तिनेच फोनवर सुचवलं. जगातले निवडक दहा खेळाडू एका मोठ्या स्पर्धेत खेळणार होते, प्रत्येकाचा प्रत्येकाशी डाव. खेळ दुपारी सुरू व्हायचा आणि मोबाइलवर थेट दिसायचा. "आई, तू फक्त खेळी वाचून दाखव. बाकी बाबा बघतील डोक्यात."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"वाचता येतं ना?"

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. मावशीने चष्मा पुसून वाचायला सुरुवात केली, "एन एफ तीन."

"घोडा म्हण," काका भिंतीकडे तोंड करूनच बोलले.

"इथे एन लिहिलंय."

"एन म्हणजेच घोडा. के राजाने घेतलाय."

"ह्यांची नावं ठेवली कोणी? बरं, घोडा एफ तीन. मग घोडा एफ सहा. मग घोडा परत एफ तीन."

"तिथे आधीच घोडा आहे!"

"मग मी काय करू? उठवू त्याला?"

काका चिडले, मावशीने मोबाइल आपटला. पण रात्री जेवताना ती मला हळूच म्हणाली, "ओरडले की नाही? बऱ्याच महिन्यांनी ओरडले." तिचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लवकर सुरू झालं. गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून मावशी पट शिवत होती. काळ्या घरांना जुन्या कॉर्डरॉय पँटचं कापड, पांढऱ्यांना गुळगुळीत अस्तर, म्हणजे बोट फिरवलं की कळावं. प्रत्येक घराच्या मध्ये वेलक्रोचा तुकडा आणि सोंगट्यांच्या बुडाला त्याचा जोडीदार चिकटवलेला. काळ्या सोंगट्यांच्या गळ्याला जाड दोरा गुंडाळला. काकांनी पटावर तळवा फिरवला, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, सावकाश. मग म्हणाले, "ही माझी तपकिरी पँट." एवढंच. पण सोंगट्या त्यांनी स्वतःच्या हाताने मांडल्या.

हळूहळू मावशीला वाचायची लय सापडली. खेळी सोपी झाल्यावर तिचं लक्ष माणसांकडे गेलं. परदेशी नावं तिच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिने आपली नावं ठेवली. सगळ्यात पुढे होता तो 'इस्त्रीवाला', कारण त्याच्या शर्टाला सुरकुती म्हणून नसायची. त्याच्या मागोमाग 'पाय हलवणारा'. आणि सगळ्यात खाली, एकही डाव न जिंकलेला, वयाने सर्वांत मोठा असा एक जण. त्याच्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत यायच्या.

"अहो, कोणी आखूड करून देत नाही का ह्याला? घड्याळाचं बटण दाबताना बाही आडवी येते. घरात बाईमाणूस नसेल का कोणी?"

"तू खेळी सांग."

"सांगते. पण आज चेहरा उतरलाय त्याचा."

काकांचा जीव इस्त्रीवाल्यावर. त्याची एकेक खेळी ऐकून मान डोलवायचे. मावशी मात्र कोणाचा डाव चालू असो, मध्येच म्हणायची, "थांबा हं, लांबबाह्याचं काय झालं बघून घेते." बहुतेक वेळा तो हरलेला असायचा. मग ती चष्मा काढून पुसायची.

शेवटून दुसऱ्या फेरीत नेमके हेच दोघे समोरासमोर आले. काकांच्या मते तासाभराचं काम होतं. मी पण वर जाऊन बसले होते, कारण मावशीने सकाळपासून मशीनला हात लावला नव्हता.

डाव लांबला. लांबबाह्याचं एक प्यादं कमी झालं, वजीर गेले, उरले दोघांचे एकेक हत्ती आणि थोडी प्यादी. बाकीचे डाव संपून खेळाडू उठून गेले. "आता सोडेल," काका म्हणाले. तो सोडेना.

"अहो, कोट काढला त्याने!" मावशी ओरडली. "काढून खुर्चीला अडकवला. हत्ती ए सहा, शह."

काकांची बोटं पटावर गेली. इस्त्रीवाल्याचा राजा सरकला. पुन्हा शह. पुन्हा सरकला. मावशी आता वाचत नव्हती, कुजबुजत होती. काकांच्या कपाळावर आठी पडली, मग ती आठी सुटली. ते पटावर आणखी वाकले आणि म्हणाले, "अरे वा. अरे, धरून ठेवलंय की म्हाताऱ्याने!"

"म्हणजे जिंकतोय?"

"जिंकत नाही. पण हरतही नाही."

दोघांनी हात मिळवले. बरोबरी. मावशीने मोबाइल छातीशी धरला. "तुमचा इस्त्रीवाला अडकला," ती म्हणाली. काकांनी आपला माणूस अडकल्याचं वाईट वाटून घ्यायला हवं होतं. ते उलट तिलाच समजावू लागले की हत्तीने मागून शह देत राहणं किती अवघड, कुठे एक चूक झाली असती तर खेळ खलास झाला असता. मधे पाणी प्यायला थांबले आणि परत सुरू. मी कधी उठून गेले ते त्यांना कळलंही नाही.

त्या अर्ध्या गुणाने पुढचं सगळं बदललं. पाय हलवणाऱ्याने तोवर इस्त्रीवाल्याला गाठलं. शेवटच्या फेरीनंतरही दोघे बरोबरीत राहिले, म्हणून त्यांचे झटपट डाव झाले आणि करंडक पाय हलवणाऱ्याने नेला. लांबबाह्या शेवटचा डाव हरला आणि दहाव्या क्रमांकावरच राहिला. निकालाचा तक्ता मावशीने खालून वर वाचला.

"शेवटच्याला काय वाटत असेल हो?" तिने विचारलं.

काकांनी पटावरचा एक हत्ती चाचपला. मग म्हणाले, "रोज आला, बसला आणि खेळला. वाटतं काय, ते त्याचं त्याला ठाऊक."

स्पर्धा संपल्यावर मावशीला भीती होती की हे परत भिंतीकडे तोंड करतील. दोन दुपारी तशाच गेल्या. तिसऱ्या दुपारी काका भिंत चाचपत तिच्या मशीनपाशी आले. काखेत पट.

"बस."

"मला येत नाही."

"उंट कसा चालतो?"

"तिरका."

"हत्ती?"

"सरळ."

"मग काय येत नाही? बस."

ती हरली. दुसऱ्या दिवशी पण हरली. चिडून म्हणाली, कपडे पडलेत शिवायचे. तरी दुपार झाली की काम आवरून बसायचीच. काकांचे सलूनमधले दोघे-तिघे जुने खेळगडी मग वर येऊ लागले. तोच तो कानाला कैची लागलेला तर रोजच.

एकदा मी गेले तेव्हा मावशी पटाकडे डोळे बारीक करून बघत होती. काकांचा वजीर तिच्या घोड्याच्या तोंडी उभा होता.

"मुद्दाम ठेवलात ना इथे? मला फुकटचं जिंकायचं नाहीये."

"छे गं," काका शांतपणे म्हणाले, "मला दिसलंच नाही."

डोळे गेल्यापासून 'दिसणं' हा शब्द त्या घरात सगळे टाळायचे. आम्ही दोघींनी चमकून वर पाहिलं. आणि काकांच्या मिशीखाली हसू फुटलेलं. मावशी इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग तिने नाक पुसलं, घोडा उचलला आणि वजीर खाल्ला.

तो डाव ती जिंकली. पुढचा आठवडाभर जिन्यात जो भेटेल त्याला सांगत होती.