सत्तेचाळीस नंबरचा नग

आमच्या घरातल्या बहुतेक लोखंडी वस्तूंवर सत्तेचाळीस हा आकडा आहे. दाराच्या कडीवर, सांडशीवर, माझ्या शिलाई मशीनच्या पायडलवरसुद्धा. आमचे हे फिटर. सत्तेचाळीस हा ह्यांचा कारखान्यातला नंबर, आणि काम मनासारखं उतरलं तरच आकड्याचा पोलादी पंच ठेवून तो नंबर ठोकायचा, नाहीतर नग सरळ भंगारात, अशी ह्यांची रीत. "माझ्या पाठीवर तेवढा ठोकायचा राहिलाय," असं मी म्हणायचे. "तपासणी चालू आहे," हे म्हणायचे. छत्तीस वर्षं झाली लग्नाला, ती तपासणी काही संपली नाही.

तीन वर्षांपूर्वी ह्यांचे हात थरथरायला लागले. आधी चहाचा कप, मग सही. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, गोळ्यांनी जरा दमाने वाढेल, पण वाढेल. कारखान्याने ह्यांना मशीनवरून उठवून स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलं. तिथे दोन महिने काढून हे घरी आले ते परत गेलेच नाहीत. घरी बसून भिंतीकडे बघायचे. मी चिडून म्हटलं, "भिंत काय पळून चाललीये?" तर म्हणाले, "मला एक नग करायचाय. काटकोनात. काम शिकायला लागलो त्या पहिल्या दिवशी उस्तादांनी करायला लावला होता तसा. हात आहेत तोवर." आणि मग जरा थांबून, "त्याच्यावर नंबर पडला पाहिजे."

नग करायचा तर टेबल हवं आणि व्हाइस हवा. म्हणजे नग घट्ट आवळून धरणारा तो लोखंडी जबडा. नवा घ्यायची ऐपत नव्हती. भंगारवाल्याकडून ह्यांनी पाडलेल्या इमारतीचं एक जाडजूड दार आणलं, कुलपाच्या भोकासकट. शेजारीण म्हणाली, "दार आणलंत, घर कधी आणताय?" जुन्या लोखंडी खाटेच्या पट्ट्यांचे पाय झाले. व्हाइस मिळाला तो गंजून दातखीळ बसलेला, तो चार दिवस माझ्या धुण्याच्या बादलीत रॉकेलमध्ये भिजत पडला. दांडा नव्हता, तिथे खिडकीचा तुटका गज बसला. जबड्याने नगावर ओरखडे पडू नयेत म्हणून त्याला मऊ पत्रा लागतो, त्यासाठी माझ्या पातेल्याचं झाकण गेलं. आणि टेबलाला उजेड हवा म्हणून मागच्या खोलीच्या खिडकीतली माझी शिलाई मशीनची जागा गेली. मी भांडले, पण सगळं दिलं. माणूस शिटी वाजवायला लागला होता.

व्हाइस टेबलाच्या पायाच्या बरोबर वर बसवायचा, म्हणजे दणका थेट जमिनीत जातो. उंची अशी ठेवायची, की उभं राहून मूठ हनुवटीखाली धरली तर कोपर जबड्यावर टेकावं. ह्यांनी माप घेतलं, चारदा घेतलं, भोकं पाडली, बोल्ट आवळले. आणि पहिल्या दिवशी कानस हातात घेऊन उभे राहिले तर टेबल दोन बोटं उंच! हे चक्रावले. मग माझं लक्ष ह्यांच्या पायांकडे गेलं. माप घेताना ह्यांनी कारखान्याचे जाड तळव्याचे बूट चढवले होते, कारण जन्मभर त्या बुटांशिवाय हे व्हाइससमोर उभे राहिलेच नव्हते. घरात मात्र अनवाणी, कारण उंबऱ्याच्या आत चप्पल आली तर मी घर डोक्यावर घेते. चार पाय सारखे कापायचे म्हणजे पुन्हा ह्या हातांची परीक्षा. मी म्हटलं, "घाला बूट. सोवळ्यातलं घर गेलं खड्ड्यात." तेव्हापासून रोज दुपारी बूट घालून हे घरातल्या घरात कामावर जायला लागले.

साबणाच्या वडीएवढा लोखंडाचा तुकडा. कानशीवर अंगाचा भार टाकला की ह्यांचा हात पुष्कळ शांत व्हायचा. अडचण वेगळीच होती. बाजू सरळ झाली का हे बघायला गुण्या लावतात. गुण्या म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन पोलादी पट्ट्या. तो नगावर टेकवून खिडकीकडे धरायचा. मधून प्रकाश दिसला तर नग नापास. पण ह्यांच्या हातात गुण्याच थरथरायचा. फट लोखंडात आहे की हातात, ते ह्यांना कळेना. मग मला हाक मारली. "तू शिवणारी आहेस, तुझ्या डोळ्यांना सरळ म्हणजे काय ते कळतं. बघ, प्रकाश दिसतो का?"

मी बघायचे. केसाएवढी रेघ चमकायची. "दिसतो," मी सांगायचे. हे पुन्हा घासायचे. एक बाजू जमली की दुसरी बिघडायची. असे तीन महिने गेले. साबणाची वडी झिजत झिजत काडेपेटीएवढी झाली. ह्यांना धाप लागायची, तळहाताला फोड आले. हे असंच चाललं तर लोखंडच संपेल किंवा हे संपतील, अशी मला धास्ती बसली. आणि एका दुपारी, रेघ स्वच्छ दिसत असताना, मी म्हणाले, "नाही दिसत."

"नीट बघ."

"बघितलं. नाही दिसत."

"बरं," हे म्हणाले. कानस ब्रशने साफ केली, नगाला तेल लावलं, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. मग बूट काढले आणि स्वतःच्या हाताने दाराबाहेर नेऊन ठेवले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी हे टेबलाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, काम झालं, समाधान झालं. हळूहळू टेबलावर माझे शिवायचे कपडे साठले. मग हे पडले, मग अंथरूण धरलं. आता घास भरवावा लागतो, आणि बोलणं कान देऊन ऐकलं तरच कळतं.

गेल्या महिन्यात फळी पुसताना ते फडकं हाताला लागलं. मी नग उलटापालटा करून बघितला. सहा बाजू. कुठेच सत्तेचाळीस नव्हतं. पंचाची डबी तिथेच, हातभर अंतरावर, धूळ खात पडली होती.

ह्यांना तेव्हाच कळलं होतं. माझ्या आवाजावरून कळलं की कसं, ते मी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. ढगळ झालेल्या ब्लाउजला "धुतल्यावर बसेल हो" म्हणून गिऱ्हाइकाची समजूत काढतात, तशी मी ह्यांची काढली होती. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःला एका केसाची सूट दिली नाही, त्याला मी परस्पर पास करून टाकलं, आणि त्यानेही माझा शब्द पडू नये म्हणून हातातलं काम खाली ठेवलं. कानस हातात असती तर हे आणखी वर्षभर तरी उभे राहिले असते, असं मला वाटतं. डॉक्टर म्हणतात, तसं काही नसतं. डॉक्टरांना काय जातंय म्हणायला.

त्या दुपारी मी टेबलावरचे कपडे उचलले. बूट आत आणले, पुढे चिंध्या कोंबून पायांत घातले. तरी टेबल मला उंचच पडतं. नग व्हाइसमध्ये आवळला आणि जन्मात पहिल्यांदा कानस चालवली. आवाज भलताच कर्कश आला. पलीकडच्या खोलीतून हे काहीतरी म्हणाले. मी तशीच बुटांसकट धावत गेले आणि कान तोंडाशी नेला.

"पुढचा हात... हलका."

आता रोज दुपारी मी घासते आणि हे पडल्या पडल्या ऐकतात. आवाज बिघडला की खाटेच्या कडेवर एकदा बोट आपटतात, चालू ठेव म्हणायचं असलं की दोनदा. नग अजून लहान झालाय. आधी काय संपेल, ते मला ठाऊक नाही. काल गुण्या लावून खिडकीकडे धरला, तोच आतून ह्यांनी पुसट आवाजात विचारलं, "दिसतो का?"

रेघ होती. अगदी बारीक. "नाही" म्हणावं असं एकदा ओठांवर आलं.

"दिसतो," मी म्हणाले.

मग खाटेच्या कडेवर बोट दोनदा आपटलं, आणि मी पुन्हा कानस उचलली.