जावईबापूंचं ‘हाय’

जावई जपानचे. लाकडावर चित्र कोरायचं आणि कागदावर छापायचं, हा त्यांचा व्यवसाय. लग्नानंतर पहिल्यांदा हेंद्रेपाड्याला आमच्याकडे आले ते काखेत पटाशांची गुंडाळी घेऊनच. परतताना लेक त्यांच्याबरोबर कायमची तिकडे जाणार होती. ज्या माणसाशी मला दोन शब्द बोलता येत नाहीत, त्याच्या भरवशावर पोर सोडायची कशी, हा घोर मला लागला होता.

एकदा लेक वडिलांबरोबर उल्हासनगरला खरेदीला गेली. जेवायला आम्ही दोघंच.

“भात वाढू?” मी विचारलं.

“हाय,” ते म्हणाले.

माझं माहेर बदलापूर गावातलं. आमच्याकडे ‘हाय’ म्हणजे ‘आहे’. ताटात आहे, आणखी नको. मी हात आखडला. पोळी? हाय. आमटी? हाय. चिमणीएवढं जेवून उठले. आमच्या हातचं गोड लागत नाही तर आमची पोर कशाला हवी, असं मनात येऊन गेलं.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात येऊन त्यांनी भाताच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. मी हरखून वाटीभर भात दिला. तूप आणेपर्यंत ते गॅलरीत जाऊन भात फळीवर रगडत बसलेले. मी तणतणत मागे गेले. त्यांनी ती भाताची खळ रंगात कालवून कोरलेल्या लाकडावर लावली, वर कागद ठेवून घासला आणि अलगद उचलला. कागदावर उमटली होती आल्या दिवशी मी पुढ्यात ठेवलेली वाटीभर जांभळं. एकाला पाखराची चोच लागली होती, तीसुद्धा सोडली नव्हती. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

खळ मला काही नवी नव्हती, आई लुगड्यांना घालायची. मी ती फडक्यातून गाळून दिली. मग संध्याकाळपर्यंत आम्ही न बोलता जांभळं छापत बसलो.

लेक आली, ऐकलं आणि हसून लोळली. “आई, जपानीत हाय म्हणजे हो गं.”

म्हणजे मी जावयाला उपाशी उठवलं होतं. लगेच कुकर लावला.

निघायच्या दिवशी रिक्षा दाराशी आली तेव्हा माझ्याने राहवलं नाही. “तिकडे तिचं कुणी नाही,” मी त्यांना म्हटलं. “तुम्ही आहात ना?”

त्यांना किती कळलं देव जाणे. माझ्याकडे बघत, कमरेत वाकून ते म्हणाले, “हाय.”

लेक अर्थ सांगायला लागली. मी म्हटलं, राहू दे. या वेळी मी तो माझ्या माहेरचाच घेतला.